गुन्हा घडला, आता पुढे काय? फिर्यादीपासून उलटतपासणीपर्यंत, आणि त्या काळात डोक्यात जे चालतं ते

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की एखाद्यावर खरंच प्रसंग आला तरी घरातून पहिलं वाक्य तेच येतं, "जाऊ दे, जीव वाचला ना." हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी जाऊ द्यायचं नाही असं ठरवलंय, किंवा जे अशा माणसाच्या सोबतीला ठाण्यात जाणार आहेत. मी वकील नाही, पण अशा लोकांबरोबर ठाण्यात, सरकारी दवाखान्यात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं काम बरीच वर्षं करतेय, त्यामुळे कायद्यात काय लिहिलंय आणि बाकावर बसल्यावर काय होतं हे दोन्ही सांगते. १ जुलै २०२४ पासून जुने आयपीसी, सीआरपीसी आणि पुरावा कायदा जाऊन भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालेत, त्यामुळे खालची सगळी कलमं नवीन आहेत. ठाण्यात अजून लोक जुने नंबर बोलतात, गोंधळू नका.

आधी डोक्यातलं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे

जिवावर बेततं तेव्हा मेंदू "नंतर पोलिसांना व्यवस्थित सांगता यावं" म्हणून काही नोंदवून ठेवत नाही, तो फक्त वाचायचं बघतो. कोणी पळतं, कोणी झटापट करतं आणि बरेच जण जागच्या जागी थिजतात, हात उचलत नाही, आवाज निघत नाही. हे ठरवून होत नाही. त्या वेळी मेंदूतला भीतीचा भाग, ॲमिग्डाला, जोरात असतो आणि घटना काळवेळेच्या क्रमाने लावून ठेवणारा हिप्पोकॅम्पस नीट काम करत नाही. म्हणून नंतर आठवतं ते तुकड्यातुकड्यात. चाकूची मूठ लख्ख आठवते पण चाकू धरणाऱ्याचा चेहरा नाही (शस्त्र समोर असलं की नजर त्यावरच खिळते, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय). वास आठवतो, एखादा शब्द आठवतो, पण "आधी काय झालं, मग काय झालं, किती मिनिटं चाललं" याचा पत्ता नसतो. काही तुकडे दोनचार दिवसांनी, नीट झोप झाल्यावर वर येतात.

आणि पोलीस तपासाला नेमकं तेच पाहिजे असतं, वेळ, क्रम, अंतर, वर्णन. इथेच घोळ होतो. समोरचा अधिकारी विचारतोय म्हणून माणूस अंदाजाने रिकाम्या जागा भरतो, त्या टाईप होतात, आणि दोन वर्षांनी बचाव पक्षाचा वकील नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवतो. म्हणून या अख्ख्या लेखातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या: जे आठवत नाही ते "आठवत नाही" असंच सांगा, आणि कागदावर तसंच लिहून घ्या.

पहिले काही तास

सुरक्षित जागी पोचा, ११२ लावा. लहान मूल असेल तर १०९८, बाईसाठी १८१ पण आहे, ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० ताबडतोब, तिथे तासातासाने फरक पडतो.

पुरावा म्हणजे काहीतरी मोठं असतं असं लोकांना वाटतं, तो बहुतेकदा अंगावरच्या कपड्यांवर आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात असतो. अंगावरचे कपडे धुवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, दमट राहून बुरशी धरते आणि नमुना खराब होतो, कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. लैंगिक अत्याचार असेल तर जमलं तर आंघोळ करू नका, पण केली असेल तरी "आता काय उपयोग" म्हणून तपासणी टाळू नका, उपयोग असतो. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) ठरावीक दिवसांनी स्वतःच जुनं फुटेज पुसून टाकतो, त्यामुळे कॅमेरा कुठे कुठे होता ते आजच लिहा आणि तपास अधिकाऱ्याला लेखी द्या. मोबाईलवरचे मेसेज, कॉल, काही डिलीट करायचं नाही, कितीही किळस आली तरी. निळेकाळे डाग पहिल्या दिवशी दिसत नाहीत, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी उठतात, तेव्हा परत फोटो काढा.

अजून एक, स्वतःसाठी. एका कागदावर आठवतील तसे तुकडे लिहून काढा, क्रम लावायचा प्रयत्न न करता, आणि वर तारीख टाका. ठाण्यात बोबडी वळली तर हा कागद हाताशी असतो. फक्त तो तुमचा तुम्ही लिहा, शेजारच्या काकूंनी "अगं त्याने लाल शर्ट घातला होता ना" असं सुचवायच्या आत, कारण घाबरलेल्या माणसाच्या आठवणीत दुसऱ्याचं वाक्य फार सहज शिरतं.

ठाण्यात

आत गेल्यावर ठाणे अंमलदार बसलेले असतात, तिथे सांगायचं. "आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा" हे वाक्य आता चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती घ्यावीच लागते, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात, नंतर ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. ऑनलाइन माहिती पाठवली तरी चालते पण मग तीन दिवसांत जाऊन सही करायची. एक पळवाट लक्षात ठेवा, तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात, त्यामुळे तिथे "आधी चौकशी करतो" हे उत्तर कायदेशीर असू शकतं. बलात्कार, खून, जबरी चोरी अशांना ते लागू नाही.

बलात्कार, विनयभंग, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यात बाईची फिर्याद महिला पोलीस अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते, आणि असे गंभीर गुन्हे नोंदवायला नकार देणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. हे कलम ठाण्यात ओरडून सांगू नका, शांतपणे "मॅडम आहेत का, त्यांनी घ्यावी अशी आमची विनंती आहे" म्हणा, माझ्या अनुभवात त्याने काम लवकर होतं.

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, त्यात पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. बऱ्याचदा मारहाणीची एनसी घेऊन माणसाला घरी पाठवतात आणि माणसाला वाटतं केस झाली. कागदावर गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, आहे का बघा. नसेल तर विचारा.

आता मुख्य गोष्ट, फिर्याद लिहिताना काय होतं. समजा एका मावशींचं मंगळसूत्र हिसकावलंय आणि ढकलल्यामुळे त्या पडल्यात. त्या सांगतात, "अंधार पडत आला होता, गाडीचा आवाज आला, मानेला हिसका बसला, मग मी खाली होते." कॉम्प्युटरवर येतं, "सायंकाळी १९.१५ वा. चे सुमारास दोन अनोळखी इसम, वय अंदाजे २५ ते ३०, शरीरयष्टी मध्यम, रंग सावळा, काळ्या रंगाचे मोटारसायकलवरून आले." मावशींनी वय, रंग, वेळ काहीच सांगितलेलं नाही. टाईप करणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, साचा ठरलेला आहे, वर्णनाचा रकाना भरायचा आहे, आणि रात्रपाळीत चौथी फिर्याद चालू आहे. पण पुढे ओळख परेडमध्ये मावशींनी गोऱ्या पोराकडे बोट दाखवलं की ही "सावळा" ओळ त्यांच्यावरच उलटणार.

म्हणून सही करायच्या आधी पूर्ण वाचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. शेवटी छापील वाक्य असतंच, माझी फिर्याद मी वाचून पाहिली, ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ते वाक्य खरं असेल तरच सही. चूक दिसली तर "साहेब, मी एवढंच सांगितलंय, तेवढंच ठेवा" म्हणा. "चेहरा नीट पाहिला नाही", "वेळ नक्की सांगता येत नाही", "मी घाबरले होते, मधलं आठवत नाही" ही तिन्ही वाक्यं फिर्यादीत लिहिता येतात आणि लिहिलेली चांगली. एफआयआर म्हणजे काही ज्ञानकोश नव्हे हे कोर्ट स्वतःच वर्षानुवर्षं म्हणत आलंय, त्यात प्रत्येक बारकावा यायलाच पाहिजे असं नाही, पण जे आलंय ते खरं पाहिजे.

यायला उशीर झाला असेल तर त्याचं कारण फिर्यादीतच घाला. "भीती वाटत होती", "घरच्यांना सांगायची हिंमत नव्हती" ही कारणं लपवायची नाहीत. आणि प्रत मागा, ती फिर्यादीला आणि पीडित व्यक्तीला मोफत मिळते.

नोंदवूनच घेतली नाही तर? लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना, तरी काही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर बंधनकारक आहे हे सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितलंय, वर सांगितलेली प्राथमिक चौकशी सोडून.

सोबत गेलेल्यांसाठी: तुम्ही बोलू नका. माणूस रडत नसेल, सपाट आवाजात सांगत असेल, मधेच हसत असेल, तर ते खोटं बोलतायत असं समजायचं कारण नाही, धक्क्यात असंच होतं, पण ठाण्यातल्या कोणाच्या चेहऱ्यावर शंका दिसलीच तर हे वाक्य तुम्ही बाहेर व्हरांड्यात शांतपणे बोलू शकता. आत फक्त पाण्याची बाटली धरून बसा.

दवाखाना

आधी एफआयआर आणा मग तपासतो, असं बलात्कार, पॉक्सो (मुलांवरचे लैंगिक गुन्हे) किंवा ॲसिड हल्ल्यात कुठलाच दवाखाना म्हणू शकत नाही, सरकारी असो की खासगी, उपचार ताबडतोब आणि मोफत द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं असं कलम ३९७ सांगतं. पोलिसांना बलात्काराची माहिती मिळाल्यापासून २४ तासांत वैद्यकीय तपासणीसाठी पाठवायचं असतं आणि डॉक्टरने सात दिवसांत रिपोर्ट तपास अधिकाऱ्याला द्यायचा असतो. प्रत्येक टप्प्याला संमती लागते, एखादी गोष्ट नको म्हणता येतं आणि त्यामुळे उपचार थांबत नाहीत. टू फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत बोटं घालून करायची तपासणी, बंद आहे, ती करणं गैरवर्तन ठरेल असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पुन्हा बजावलंय, कोणी करायला लागलं तर तिथेच थांबवा.

पुराव्याच्या नादात औषधं राहून जातात. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकं लवकर तितकं बरं, गर्भधारणा टाळायची गोळी पण तशीच. डॉक्टरने स्वतःहून सांगितलं नाही तर विचारा.

मारहाणीच्या केसमध्ये एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांशी संबंधित केस) अशी नोंद झाली का बघा आणि केस पेपरची झेरॉक्स ठेवा. डोक्याला मार असेल तर ते डॉक्टरला आवर्जून सांगा, पुढे आठवणीतल्या रिकाम्या जागांचं तेही एक कारण असू शकतं.

जबाब, आणि पुरवणी जबाब

फिर्यादीनंतर तपास अधिकारी, आयओ, जबाब घेतो. बाई, १५ वर्षांखालचा मुलगा, ६० च्या पुढची व्यक्ती, दिव्यांग किंवा गंभीर आजारी माणूस यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, घरी यायचं असतं. बलात्काराच्या केसमध्ये तर पीडितेच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, घरच्यांच्या किंवा सामाजिक कार्यकर्तीच्या उपस्थितीत. मूल असेल तर पोलीस वर्दीत नकोत. लोकांना एक गोष्ट विचित्र वाटते, पोलिसांसमोरच्या जबाबावर तुमची सही घेत नाहीत. कायद्यातच तसं आहे, काही गडबड नाही.

लैंगिक गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटसमोरही जबाब होतो, कलम १८३ खाली, शक्यतो महिला मॅजिस्ट्रेट, नसतील तर बाईच्या उपस्थितीत. इथे पोलीस खोलीत नसतात. हा जबाब पुढे फार वजनदार ठरतो. आदल्या रात्री घरच्यांनी पाठांतर करून घेऊ नये, पाठ केलेलं लगेच कळतं आणि एक शब्द विसरला की माणूस कोसळतो. डोळे मिटून त्या जागी काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं, तिथून सुरुवात केली तर जास्त आठवतं, आणि मग उलट क्रमाने जाऊनही बघता येतं. १९८४ च्या आसपास गायझलमन आणि फिशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी साक्षीदारांसाठी हीच पद्धत बसवली. आपल्याकडे ती क्वचितच वापरतात, पण "मला एकदा न थांबवता सांगू द्या, मग प्रश्न विचारा" एवढी विनंती कोणीही करू शकतं.

नंतर काही आठवलं, समजा पंधरा दिवसांनी अचानक आवाज ओळखीचा वाटला होता हे आठवलं, तर गप्प बसू नका. आयओला सांगून पुरवणी जबाब नोंदवून घ्या आणि "आता आठवलं" हेही त्यात येऊ द्या. महत्त्वाची गोष्ट आधीच्या जबाबात नसली आणि थेट कोर्टात पहिल्यांदा बोललात, तर तिला ओमिशन म्हणतात, आणि वकील ती विसंगती म्हणून वापरतात.

जागेवर परत जाणं आणि ओळख परेड

घटनास्थळाचा पंचनामा करायला फिर्यादीला जागा दाखवायला नेतात. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या लोकांनी येऊन नमुने घ्यायचे आणि व्हिडिओ करायचा अशी तरतूद आलीय, राज्यात हळूहळू सगळीकडे लागू होतेय. तिथे गेल्यावर पाय लटपटणं, घाम फुटणं, उलटी होणं, सगळं होऊ शकतं. दिवसा चला म्हणा, सोबत कोणीतरी घ्या, जागा दाखवून झाली की गाडीत बसायला हरकत नसते.

ओळख परेडमध्ये साधारणपणे तहसीलदार दर्जाचे कार्यकारी दंडाधिकारी असतात, पोलीस आत नसतात. रांगेतला कोणी ओळखीचा वाटलाच पाहिजे असं काही नाही. नसेल तर नाही म्हणा. त्याआधी आरोपीचा फोटो पेपरात, ग्रुपवर बघू नका, आणि कोणी दाखवलाच तर दंडाधिकाऱ्यांना सांगा.

तपास थंड पडतो तेव्हा

पहिला आठवडा फोन वाजत असतात, मग शांत. हा काळ बऱ्याच जणांना घटनेपेक्षा जड जातो असं मी पाहिलंय. कायद्याने ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला कळवायचं असतं, बलात्कार आणि पॉक्सोचा तपास दोन महिन्यांत संपवायचा असतो. कळवलं नाही तर लेखी अर्ज करा, पोच घ्या. ॲट्रॉसिटीचा गुन्हा असेल तर तपास उपअधीक्षक दर्जाच्या खाली देता येत नाही, आयओ कोण आहे ते बघा.

दोषारोपपत्र (चार्जशीट) कोर्टात गेलं तर ठीक. नाही तर समरी, म्हणजे तपास बंद करायचा पोलिसांचा अहवाल. आपल्याकडे अ, ब आणि क असे प्रकार आहेत. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही, ब म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी, क म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. समरी मंजूर करायच्या आधी मॅजिस्ट्रेटने फिर्यादीला नोटीस द्यायची असते आणि तुम्ही हरकत घेऊ शकता. ती नोटीस आल्यावर चिडून किंवा घाबरून कपाटात टाकू नका, ताबडतोब वकील गाठा. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उत्पन्न न बघता मोफत मिळतो, हेल्पलाइन १५१००. मनोधैर्य योजनेचं अर्थसाहाय्य पण त्याच कार्यालयातून, २०१३ पासून ही योजना आहे, बलात्कार, पॉक्सो आणि ॲसिड हल्ला यांसाठी. अर्जाला निकालाची वाट बघायची गरज नाही, हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही.

या सगळ्यात घरी

झोप उडणं, दचकणं, तोच प्रसंग परत घडतोय असं वाटणं, त्या रस्त्याने न जाणं, चिडचिड, काहीच न वाटणं, पहिले काही आठवडे हे होणारच. बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही तसंच असेल किंवा वाढतंय असं वाटलं तर त्याला पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) म्हणतात का हे डॉक्टरला ठरवू द्या. आघातावर केलेली सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी बोलण्याची थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने केलेली थेरपी) या दोन उपचारांचा चांगला उपयोग होतो. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर महिन्याची वाट बघू नका, त्याच दिवशी.

नातेवाइकांनी "एकदाचं सगळं बोलून मोकळी हो" म्हणून मागे लागू नये, जबरदस्तीने सगळं बोलायला लावल्याने फायदा होत नाही, कधी वाईटच होतं. शेजाऱ्याची झोपेची गोळी देऊ नये. जेवण, आंघोळ, दार नीट लावलंय का बघणं, ठाण्यात सोबत जाणं, एवढं पुरतं. आणि बलात्कारातल्या व्यक्तीचं नाव, फोटो, गल्ली, कॉलेज, काहीही स्टेटसला टाकायचं नाही, पाठिंबा म्हणूनसुद्धा नाही, न्याय संहितेच्या कलम ७२ खाली तो गुन्हा आहे.

कोर्ट

समन्स येईपर्यंत बराच काळ गेलेला असतो, काही जण नुकतेच सावरलेले असतात आणि कागद बघून परत झोप जाते. सरकारी वकिलांना तारखेच्या आधी भेटा, तुमचा जबाब वाचायला मागा, स्वतःचा वकीलही त्यांच्या मदतीला देता येतो. बलात्काराची सुनावणी बंद खोलीत होते, आरोपी समोर दिसू नये म्हणून पडदा मागता येतो, घाबरलेल्या किंवा लहान साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रं उभारायचे आदेश सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिलेत. तुमच्या जिल्ह्यात झालंय का ते विचारा.

उलटतपासणीत "ओरडली का नाहीस" हा प्रश्न येणार. याच प्रश्नावर आपल्या गडचिरोलीतली मथुरा केस, मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेल्या बलात्काराची, हरली होती. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातली घटना, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही म्हणजे संमती असं धरून दोन्ही पोलिसांना सोडलं. त्यावर देशभर जो संताप झाला त्यातून १९८३ ला कायदा बदलला, आणि आज कायद्यात स्पष्ट आहे की शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही. तेव्हा उत्तर साधं द्या, "मला हलताच आलं नाही." सबबी जोडू नका. पूर्वीच्या संबंधांबद्दल प्रश्न आला तर सरकारी वकिलांकडे बघा, त्यांनी हरकत घ्यायची असते.

किरकोळ विसंगतीने घाबरून जाऊ नका. साक्षीदाराची स्मृती म्हणजे मनात व्हिडिओ टेप लावून परत बघणं नव्हे, अशा अर्थाचं सुप्रीम कोर्टाने १९८३ लाच एका गुजरातच्या प्रकरणात म्हटलंय. प्रश्न कळला नाही तर परत विचारायला सांगा, पाणी मागा, पाच मिनिटं मागा, न्यायाधीश बहुतेकदा देतात. आठवत नसेल तर इथेही तेच उत्तर.

निकाल विरोधात गेला, आरोपी सुटला किंवा कमी गुन्ह्यात शिक्षा झाली, तर पीडित व्यक्तीला स्वतः अपील करता येतं, सरकार करेल याची वाट बघावी लागत नाही. निकालाची नक्कल त्याच दिवशी मागून ठेवा, मुदत चालू झालेली असते.